किती मजल्यावर आहेस?

नाव विचारायच्या आधी वजन विचारणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. 'विचारणारा' हेही मी आपलं सभ्यपणाने म्हणतेय. परळच्या एका गल्लीत, पिठाची गिरणी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. मी आत पाऊल टाकलं, तर मास्तरांनी वर न बघताच टेबलाखालचा वजनकाटा पायाने पुढे सरकवला.

"चपला काढून उभी राहा."

"मास्तर, मला गाडी शिकायचीय."

"मग? गाडी काय एकटी आदळते? तुझ्यासकट आदळणार. तुला धरायला नको?"

काटा एकसष्टवर थांबला. मास्तरांनी वहीत एकसष्ट लिहिलं आणि त्या दिवसापासून माझं नाव एकसष्ट पडलं. माझ्याबरोबर लालबागचे एक मिठाईवाले शिकायला यायचे, ते ब्याण्णव. बिचारे क्लासला येताना खिशातला मोबाइल आणि कमरेचा पट्टा घरी ठेवून यायचे. पुढे त्यांनी श्रावणात एकभुक्त राहून चार किलो उतरवले आणि मोठ्या आशेने पुन्हा काट्यावर चढले. मास्तर म्हणाले, "वहीत खोडाखोड करत नाही मी. ब्याण्णव, चला, गाडीत बसा."

स्वतः मास्तर चोपन्न. सडसडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक खडू. हा खडू म्हणजे त्यांचा तिसरा हातच होता. बोलता बोलता फूटपाथवर, गिरणीच्या शटरवर, एकदा तर ब्याण्णवांच्या काळ्या पँटवर त्यांनी बाण काढून दाखवले होते. बाण म्हणजे वेग, बाणाची जाडी म्हणजे वजन.

मोटार स्कूल काढण्यापूर्वी तीसेक वर्षं ते एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते. शिकवायचे नाहीत, सामान मांडायचे. दर जूनला नवी मुलं यायची, लाकडी पट्टीवरून दोन छोट्या ट्रॉल्या एकमेकींवर सोडायची, आधीचा संवेग किती आणि नंतरचा किती ते वहीत लिहायची, उत्तर जुळलं नाही की शेजारच्याचं बघून जुळवायची. मग मास्तर ट्रॉल्या पुसून कपाटात ठेवायचे. "प्रोफेसर सात बघितले," ते सांगायचे, "नियम एकच बघितला." निवृत्त झाल्यावर लोक गावी घर बांधतात किंवा गुडघे बदलतात. मास्तरांनी एक जुनी छोटी गाडी घेतली, तिला शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक बसवून घेतला आणि पाटी लावली. का, तर लॅबमध्ये पोरं टक्कर वहीत जुळवायची, ती रस्त्यावर जुळत नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

त्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा लक्ष जायचं ते स्पीडोमीटरकडे. त्याच्या काचेवर मास्तरांनी कागदाचं कडं चिकटवलं होतं. आकडे झाकलेले आणि त्यांच्या जागी बारीक, नेटक्या अक्षरात चाळ लिहिलेली. दहाच्या जागी ओटा. विसाच्या जरा पुढे पोटमाळा. तिसाला पहिला मजला. बेचाळिसाला दुसरा, बावन्नला तिसरा, साठाला चौथा. त्यापुढे फक्त 'चाळ संपली'.

"तीसच्या स्पीडने भिंतीवर आदळलीस, तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडल्यासारखं. अंगाला तेवढंच लागणार. कळलं?"

"पण मास्तर," ब्याण्णव स्टिअरिंग धरूनच म्हणाले, "साठ म्हणजे तिसाच्या दुप्पट. मग साठाला दुसरा मजला पाहिजे ना? चौथा कसा काय?"

मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली. त्यांचा चेहरा असा फुलला की जणू तीस वर्षं ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "बघा! पँट फुकट नाही गेली यांची!" ते खाली उतरले आणि रस्त्यावर खडूने चाळ काढली. वेग दुप्पट झाला की मार दुप्पट होत नाही, चौपट होतो. माणसाचा पाय दुप्पटच दाबतो आणि तिथेच फसतो. शेंगदाणेवाला आपली टोपली सरकवून ते चित्र बघत उभा राहिला होता. शेवटी तोच म्हणाला, "म्हणजे मास्तर, लोक चौथ्या मजल्यावरून फोनवर बोलतात?" मास्तरांनी त्याला मनापासून नमस्कार केला.

पुढे आमच्याशी बोलताना त्यांनी किलोमीटर हा शब्द कधी वापरला नाही. गाडी चालू असताना एकच प्रश्न, "किती मजल्यावर आहेस?" शाळेसमोर पोटमाळ्याच्या वर चढलेलं त्यांना खपत नसे. कुणी ओव्हरटेक करून गेला की खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "उतर रे खाली, कठडा नाहीय!" त्या माणसाला काय कळणार, कप्पाळ. तो आपला आणखी जोरात जायचा.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण मी तिथे गाडी शिकायला गेलेच नव्हते. गाडी मला येत होती. लायसन पर्समध्ये होतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी बाबांना घेऊन पनवेलच्या आत्याकडून लालबागला परत येत होते. शीवच्या सिग्नलच्या अलीकडे पुढचा टेम्पो एकदम थांबला, मी ब्रेक दाबला, उशिरा दाबला आणि आमची गाडी त्याच्यावर जाऊन बसली. तीसचा तर वेग होता. माझ्या छातीवर पट्ट्याचा एक निळा वळ, बाकी काही नाही. बाबा मागच्या सीटवर होते, पट्ट्याशिवाय. त्यांचा खुबा मोडला.

ऑपरेशन झालं, बाबा काठीने चालायला लागले. पण माझ्या गाडीत ते पुन्हा बसले नाहीत. रागावले वगैरे अजिबात नाहीत. मी "चला, सोडते" म्हटलं की मालवणीत म्हणायचे, "नको गो, माका चालूक बरा वाटता." आणि काठी टेकत टॅक्सी बघायला जायचे. व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून तीनदा न्यावं लागे. ते टॅक्सीने जायचे आणि माझी गाडी खाली कव्हर घालून उभी असायची. आई म्हणाली, विकून टाक. मी विकली नाही, पण स्टिअरिंगला हात लावला की माझा उजवा पाय आपोआप थरथरायचा. बाबांनी एकदा, फक्त एकदा, पुन्हा माझ्या गाडीत मागे बसावं एवढंच मला हवं होतं. त्यासाठी आधी तो पाय थांबायला हवा होता.

हे मी मास्तरांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. अर्थात एक गोष्ट सोडून. ऐकून घेतल्यावर ते "अरेरे" म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाबांचं वजन?"

"अडुसष्ट."

"आणि वेग पहिला मजला. चल."

स्कूलसमोरच एक जुनी चाळ होती. तिच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत त्यांनी मला उभं केलं. तिथल्या बाई पापड वाळत घालत होत्या. मास्तरांना बघून त्यांनी काही न विचारता आपली परात बाजूला घेतली. मास्तरांच्या पिशवीत एक सोललेला नारळ कायम असायचा. त्याला ते 'पॅसेंजर' म्हणायचे. खाली कुणी नाही हे दोनदा बघून त्यांनी पॅसेंजर माझ्या हातात दिला.

"सोड."

मी सोडला. खाली फरशीवर त्याचे तीन तुकडे झाले आणि पाणी उडालं.

"दोन वर्षं तू 'तीसचा तर वेग होता, तीसचा तर' म्हणतेस ना? हा तीस. गाडी टेम्पोने थांबवली. तुला पट्ट्याने थांबवलं. बाबांना थांबा म्हणून कोणी सांगितलंच नाही. ते तिसानेच पुढे येत राहिले, तुझ्या सीटची पाठ येईपर्यंत."

मी त्या गॅलरीत, परक्या बाईंच्या पापडांसमोर, ढसाढसा रडले. बाबा पहिल्या मजल्यावरून पडले होते आणि मला ते दोन वर्षांनी कळत होतं. मास्तर शांतपणे खाली गेले, खोबऱ्याचे तुकडे गोळा करून धुऊन आणले, एक मला दिला, एक त्या बाईंना. "खा. नारळ वाया घालवायचा नाही." रडताना खोबरं खाता येत नाही, हे त्यांना माहीत असावं.

मास्तरांचं दुसरं हत्यार लिंबू. दसऱ्याला आपल्याकडे गाडीची पूजा झाली की चारी चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडतात. मास्तरांच्या क्लासमध्ये उलटं. ते चाकापासून दहा पावलांवर एक लिंबू ठेवायचे. गाडी चालवत आणायची आणि टायर लिंबाला टेकला पाहिजे, पण लिंबाची साल फुटता कामा नये. फुटलं की दुसऱ्या दिवशी येताना नवीन लिंबू आपण आणायचं. पहिले पंधरा दिवस मी आणि ब्याण्णव मिळून परळच्या भाजीवाल्याचे खास गिऱ्हाईक झालो होतो. त्याला वाटायचं आम्हाला कुणाची तरी दृष्ट लागली आहे.

"गाडी काय, कुणीही पळवतं," मास्तर सांगायचे. "इंजिन पळवतं, तू नुसती बसलेली असतेस. थांबवायची तुला. थांबायला जागा लागते आणि वेळ लागतो. दोन्ही आधीपासून काढून ठेवायचं."

वेळ हा त्यांचा अगदी लाडका मुद्दा. चालती वस्तू थांबवायची म्हणजे तिच्यातला वेग कुठे तरी जिरवावाच लागतो. सावकाश जिरवला तर लागत नाही, झटक्यात जिरवला तर हाड मोडतं. "पट्टा तुला बांधून ठेवत नाही गं," ते म्हणायचे, "पट्टा तुला वेळ देतो. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच देतो. पण तेवढ्यात माणूस वाचतो."

आणि हे तोंडी सांगून भागत नसे. त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा मुद्दाम टक्कर मारावी लागायची. शिवडीला एका बंद गोदामाचं मोकळं आवार त्यांच्या ओळखीचं होतं. तिथे एका भिंतीला काथ्याची पोती रचलेली. वेग ओट्याचा, म्हणजे दहा. समोर पोती दिसत असताना, ब्रेक न लावता, डोळे उघडे ठेवून त्यांच्यावर जायचं. ब्याण्णव गेले, धप्प झालं आणि ते हसत उतरले. "चिवड्याच्या पोत्यात पडल्यासारखं वाटलं," म्हणाले.

माझी पाळी आली. मास्तरांनी मागच्या सीटवर नवा नारळ ठेवला, नुसताच. मी गेले. धप्प. नारळ सीटवरून सुटला आणि माझ्या पाठीमागे सीटवर थाडकन आपटला. त्या आवाजाने माझा पाय थरथरायला लागला.

"आता दुसऱ्यांदा," म्हणत मास्तरांनी नारळ कापडी पिशवीत घातला आणि पिशवीवरून सीटचा पट्टा ओढून खट्कन लावला. "आता पॅसेंजर कुठे जात नाही."

तो पट्टा लावलेला नारळ मी आरशात बघितला आणि सोडलेली गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली. आत्याने त्या दिवशी फणस दिला होता. चांगला दहा किलोचा, बरका. बाबांनी तो शेजारी सीटवर ठेवला. तो लुडकायला लागला तेव्हा मीच पुढून म्हणाले होते, "बाबा, फणसाला पट्टा लावा, सीटला चीक लागेल." बाबांनी निमूटपणे फणसाला पट्टा लावला. टेम्पोवर आदळल्यावर फणस जागचा हलला नाही. तो आईने पुढे शेजाऱ्यांना वाटला. मी सीट वाचवली, फणस वाचवला, आणि बाबांना पट्टा लावा म्हणायचं मला सुचलं नाही. हे मी दोन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना मला माझीच शिसारी आली.

मास्तर म्हणाले, "मी राहतो फणसवाडीत आणि तुला फणसाची गोष्ट सांगायला मीच सापडलो." मग खडू काढून त्यांनी बॉनेटवर दहा रेघा मारल्या. "लॅबमध्ये पोरं सगळी चूक ट्रॉलीवर ढकलायची, नाही तर सगळी स्वतःवर घ्यायची. दोन्ही उत्तरं चूक. टेम्पोचे ब्रेकलाइट लागत होते?"

"एक बंद होता."

"दोन मार्क त्याचे." त्यांनी दोन रेघा पुसल्या. "बाबा लहान आहेत का? त्यांना पट्टा दिसत होता. तीन त्यांचे." आणखी तीन पुसल्या. "उशिरा ब्रेक, दोन तुझे. आणि गाडी हलवायच्या आधी मागे वळून विचारायचं काम ड्रायव्हरचं, ते तू केलं नाहीस. तीन तुझे. झाले पाच. हे पाच तुझेच, यातला एकही मी पुसणार नाही. पण तू दोन वर्षं दहाच्या दहा घेऊन बसली आहेस. कोणी दिले तुला?"

मला माफ करणारे खूप जण भेटले होते. "तुझी काय चूक" म्हणणाऱ्यांना मी कंटाळले होते, कारण चूक होती. तिचं माप घेऊन हातात देणारा माणूस पहिलाच. पाच उचलता येण्यासारखे होते. त्या दिवशी मी पट्टा लावलेल्या नारळासकट सात वेळा पोत्यांवर गेले. शेवटच्या वेळी पाय थरथरला नाही.

मास्तरांचं शेवटचं हत्यार म्हणजे एक लाकडी पट्टी, एक फुटाची, लॅबमधूनच आलेली. ती वरून कुणी तरी धरायची, आपण खाली बोटं उघडी ठेवायची, न सांगता ती सोडली जायची आणि आपण पकडायची. जितके सेंटिमीटर निसटली तितका आपल्याला उशीर. पंचविसावर लाल रेघ होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मास्तर स्वतःची परीक्षा घ्यायला लावत. लाल रेघेच्या पुढे गेली की त्या दिवशी किल्ली ठेवायची, हा त्यांचा स्वतःसाठीचा नियम.

माझ्या शिकवणीच्या शेवटी शेवटी एक पहिली तारीख आली. आम्ही शिवडीच्या आवारात दोघेच होतो. पट्टी मी सोडली. मास्तरांच्या बोटांनी ती पकडली तेव्हा लाल रेघ त्यांच्या अंगठ्याखाली गेली होती. अठ्ठावीस.

"किती?" त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"बावीस," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, अंगठा बघितला. "एकसष्ट, पट्टी खोटं बोलत नाही. पुन्हा सोड." पुन्हा सत्तावीस. तिसऱ्यांदा पट्टी खालीच पडली. मी ती उचलून दिली. मास्तरांनी ती पट्टी सदऱ्याला पुसली, अगदी लॅबमधल्या सवयीने, आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"चल, परळला घेऊन चल."

मी ड्रायव्हरच्या जागी बसले. ते मागचं दार उघडून मागे बसले.

"मास्तर, पुढे बसा ना. तुमचा ब्रेक पुढे आहे."

"म्हणूनच मागे बसलो. तो ब्रेक ज्या पायाखाली आहे तो पाय आता कामाचा नाही." खट्कन आवाज आला. "चोपन्न किलो, पट्ट्यासकट. निघ."

दोन वर्षांत माझ्या मागे कुणी जिवंत माणूस बसलं नव्हतं. आरशात मास्तर दिसत होते, डोळे मिटून, मांडीवर पट्टी धरून. "किती मजल्यावर?" ते मधूनच विचारत. मी सांगे, "पोटमाळा." परळला वळायच्या जरा आधी डावीकडून एक हातगाडी अचानक रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला. गाडी हातगाडीच्या चांगली दोन हात अलीकडे थांबली. मास्तर पुढे झुकले, पट्ट्याने त्यांना धरलं आणि परत बसवलं.

मी आरशात बघितलं. त्यांनी एक डोळा उघडला. "काय बघतेस? मी अजून इथेच आहे."

त्या वाक्याने माझ्या अंगातून काहीतरी उतरलं. हातगाडीवाला मला शिव्या देत होता आणि मी त्याच्याकडे बघून हसत होते.

मास्तरांनी स्कूल त्याच आठवड्यात बंद केलं. निरोप समारंभ वगैरे काही नाही. वजनकाटा पिठाच्या गिरणीला दिला. स्पीडोमीटरवरचं कागदाचं कडं अलगद सोडवून एका पाकिटात घातलं आणि मला दिलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'एकसष्ट यांस'. मी ते माझ्या गाडीत चिकटवलं. महिनाभर ऑफिसला जाताना एकटीच ओटा, पोटमाळा करत राहिले. बाबा गॅलरीतून बघायचे. "चला" म्हटलं की "माका चालूक बरा वाटता" हे चालूच होतं.

मग दसरा आला. सकाळी मी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, आईने हळद-कुंकू लावलं आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा पूजेचा नारळ घेऊन काठी टेकत शेजारी उभे होते.

"घे पुढे," आई म्हणाली.

मी क्लच सोडला. टायर लिंबाला टेकला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. आपोआप.

"अगं घे ना!"

पुन्हा घेतली. पुन्हा टेकून थांबली. मी मनाशी ठरवून तिसऱ्यांदा प्रयत्न केला, पण पाय ऐकेचना. त्याला कितीतरी आठवडे लिंबू वाचवायची सवय लागलेली. आवारातले शेजारी हसायला लागले. एवढ्यात फोन वाजला. ब्याण्णवांचा. "ताई, तुमचं लिंबू फुटलं का हो? मी दुकानासमोर अर्धा तास उभा आहे. भटजी निघून गेले!"

मी हसत होते आणि मला लाजही वाटत होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं. आधी काठी आत आली, मग नारळ, मग बाबा. सावकाश, खुबा सांभाळत ते सीटवर सरकले.

"बाबा?" मी आरशात बघितलं. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"माका कसला भय? तू आरशात माका बघशीत आणि तुझो पाय कापतलो, म्हणान इतके दिस नाय बसलंय." त्यांनी पट्टा ओढून घेतला. "आज बघलंय. जो पाय लिंबू चिरडूक तयार नाय, तो माका काय करतलो?"

दोन वर्षं मी समजत होते की ते मला घाबरतात. ते माझ्या पायाला जपत होते. मागे वळून बघायचं ड्रायव्हरचं काम असतं, म्हणून मी वळून बघितलं. बाबा पट्ट्याचं टोक खाचेत घालत होते आणि नारळ शेजारी लुडकत होता. "आधी माझो पट्टो," ते म्हणाले, "नारळाचा मगे बघू." खट्कन आवाज आला. मी गाडी पुढे घेतली आणि चारही लिंबं फुटली. आई टाळ्या वाजवत होती. मी डोळे पुसले.

"खंय जावचा?" बाबांनी विचारलं.

"फणसवाडी. एकांना सोनं द्यायचंय." आपट्याची पानं पुढे डॅशबोर्डवर ठेवली होती. मास्तर दारातच वजन विचारणार, म्हणून मी बाबांना वाटेत सगळं सांगून ठेवलं. वजन, चाळ, नारळ, पट्टी. बाबा ऐकत होते. मधूनच पुढे वाकून ते कागदाचं कडं वाचायचा प्रयत्न करत होते, तेवढं वाकू पट्टा देत होता.

आम्ही लालबागच्या पुलावर चढलो. सणाची सकाळ, पूल मोकळा होता.

"किती मजल्यार आसंव गो आता?" मागून आवाज आला.

"पोटमाळ्यावर, बाबा."

बाबांनी शेजारची खिडकी खाली केली.

"मगे वायच वर चल," ते म्हणाले. "वारो येवंदे."